कर वेगळा, भाडं वेगळं

फोन म्हणतो दहा लाख दोन हजार सहाशे.
शहर कोल्हापूर, रंग राखाडी, आणि खाली
मुंगीएवढ्या अक्षरात: अंदाजे.
गेले एकवीस दिवस हा आकडा मी
गादीखालच्या पावतीसारखा सांभाळते आहे.
रात्री भांडी झाली की उघडून बघते.
एकदा चारशेनं वर सरकला
तर झोप गेली.

हायवेला, शिरोली फाट्याजवळ काचेचं दुकान.
आत गारवा, आत फुकट कॉफी, आत श्रेणिक मगदूम,
वय असेल चोवीस, बूट नवे आणि चावरे,
कारण उभ्या उभ्या सारखा पाय बदलतो.
त्याचा कागद म्हणतो
दहा लाख एक्केचाळीस हजार तीनशे पन्नास.

"अडतीस हजार सातशे पन्नास," मी म्हणते.
तो अजून कॅल्क्युलेटर शोधतोय.
सोळा वर्षं फौंड्रीचे हिशेब लिहिते मी, पोरा.

मग एकेक घडी उलगडते.
विमा त्यांच्याकडचाच: बारा हजार चारशे जादा.
हँडलिंग साडेसहा हजार.
कुणी हाताळली? कुठनं कुठं?
"यार्डातनं हितं आणली की ओ, मॅडम."
यार्ड काचेतनं दिसतंय.
एक कुत्रं तेवढं अंतर
फुकटात पार करून येतं.
अत्यावश्यक किट अकरा हजार नऊशे, त्यात
चार पायपुसणी, एक छत्री, एक चिकटवायचा गणपती.
आणि रंगावर चढवायचा बिनरंगी थर,
सात हजार नऊशे पन्नास,
दिसत नाही हीच त्याची खासियत.

विश्वंभर तिकडे मागच्या सीटवर बसून
गुडघ्यापुढची जागा वितीनं मोजतोय.
त्याला आकडे नकोत, त्याला वास आवडलाय.

"सांगलीत नऊ हजारानं कमी सांगतात," मी.
"जावा की मग. पर सर्व्हिसिंगला हितंच येणार न्हवं?"
मी फोन टेबलावर ठेवते, उताणा.
तो वाकून बघतो,
रोज भेटणाऱ्या वैऱ्याकडं बघावं तसा.
"मोबाईलचा दर बरोबरच हाय, मॅडम.
पर मोबाईल गाडी देत न्हाई."

मामा सांगायचे, गुळाच्या सौद्यात पूर्वी
रुमालाखाली बोटं धरून दर ठरायचा.
तोंडं हवापाण्याचं बोलायची.
हा कॅल्क्युलेटरवर आकडा मारतो,
न बोलता माझ्याकडं फिरवतो.
मी पुसते, माझा मारते, त्याच्याकडं फिरवते.
असं पाच वेळा. मध्ये तो साहेबांकडं जाऊन येतो,
काचेआड साहेब मान हलवतात,
मला वाटतं ते वेगळ्याच कशाला तरी हलवतात.

"फौंड्री कुठली म्हणायची?"
गोकुळ शिरगाव. ब्रेकचे ड्रम ओततो, मागच्या चाकाचे.
"आपल्या गाडीला लागतात व्हय?"
लागत असतील. पुढं कुणाकडं जातात, कुणास ठाऊक.
किलोला एकशे अठरा. एवढं मात्र पक्कं सांगते,
या आख्ख्या गाडीत मला खरा दर माहीत असलेली
तेवढी एकच वस्तू.
आणि बोलता बोलता थांबले.
कारण प्रत्येक कोटेशनच्या तळाला मीच तर टाइप करते,
मुंगीएवढ्या अक्षरात:
दर कारखान्याच्या दारातला. कर वेगळा,
भाडं वेगळं, पॅकिंग वेगळं.
पुण्याचा माणूस फोनवर ओरडतो,
"बाई, हे वेगळं वेगळं काय लावलंय?"
"पद्धत आहे हो," मी म्हणते,
अगदी श्रेणिकच्याच आवाजात.

हँडलिंग गेलं. विमा बाहेरनं काढला.
किट राहिलं, थर राहिला, गणपती राहिला.
दहा लाख बावीस हजार चारशे पन्नास.
त्यानं हात पुढं केला, तो गार होता, कॉफीचा नाही.
"येतो आम्ही," मी म्हटलं.

गाडी मिळाली त्या दिवशी चाकाखाली लिंबू,
विश्वंभर फोटोत, किल्ली पुठ्ठ्याची, हातभर.
मी मागच्या चाकापाशी उकिडवी बसून
आरीच्या फटीतनं आत बघत होते.
"ओरखडा हाय काय, मॅडम?" श्रेणिक घाबरून धावला.
नाही रे.
आत काळं, गोल काहीतरी होतं.
आमचंच असेल,
अंदाजे.